वनस्पतीच्या अर्काची सूजविरोधी चाचणी: प्राणी नैतिकता समितीकडे अर्ज कसा करावा

निर्गुडीच्या पाल्याचा शेक घ्यायला कोणाची परवानगी लागत नाही. त्याच पाल्याचा अर्क प्रयोगशाळेतल्या रॅटला पाजून सूज उतरते का हे पाहायचे असेल, तर मात्र पहिला डोस देण्यापूर्वी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची लेखी मान्यता हातात असावी लागते. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आणि त्याखालील १९९८ चे नियम हा या मान्यतेचा आधार आहे. प्रयोग उरकून मागाहून मान्यता मिळवण्याची सोय नाही, हे एम.फार्म.च्या विद्यार्थ्यांनी प्रबंधाचे वेळापत्रक आखतानाच ध्यानात घ्यावे.

प्रथम पात्रता. संस्थेची नोंदणी प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्राच्या सीसीएसईए या समितीकडे झालेली असली पाहिजे आणि तिची मुदत संपलेली नसावी. (ग्रंथालयातल्या जुन्या प्रबंधांत हीच समिती सीपीसीएसईए या नावाने भेटते.) प्रमुख संशोधक म्हणून मार्गदर्शक शिक्षकाचे नाव द्यावे, विद्यार्थी सहसंशोधक असतो. रॅट, माईस यांसारख्या लहान प्राण्यांवरील प्रयोगांचा निर्णय संस्थेची समितीच घेते. कुत्रा किंवा माकड असेल तर प्रस्ताव केंद्रीय समितीकडे जातो. संस्थेच्या समितीवर पशुवैद्य, संस्थेबाहेरचा शास्त्रज्ञ, विज्ञानक्षेत्राबाहेरचा एक सदस्य आणि केंद्राने नेमलेला प्रतिनिधी असतो. हा प्रतिनिधी हजर नसेल तर बैठकच होत नाही, त्यामुळे अर्ज बैठकीच्या बऱ्याच आधी सचिवांकडे पोहोचलेला बरा.

अर्ज ‘फॉर्म बी’मध्ये करावयाचा असतो. त्यासोबत प्रयोगाचा सविस्तर आराखडा, पूर्वीच्या संशोधनाचा आढावा, अर्काच्या रासायनिक तपासणीची माहिती आणि वनस्पतीच्या ओळखीचे प्रमाणपत्र जोडावे. हे प्रमाणपत्र पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रातून किंवा एखाद्या मान्य वनस्पतिसंग्रहातून घेता येते. त्यासाठी शक्यतो फूल किंवा फळ असलेली फांदी न्यावी, काष्ठौषधीच्या दुकानातली चूर्णाची पुडी नव्हे. ‘रास्ना’ या एका नावाने वेगवेगळ्या प्रांतांत वेगवेगळ्या वनस्पती विकल्या जातात, त्यामुळे ओळख कच्ची राहिली तर पुढचे सगळे आकडे कोणत्या झाडाचे, हाच प्रश्न उरतो.

अर्जाचा खरा कस लागतो तो प्राण्यांच्या संख्येच्या रकान्यात. ‘प्रत्येक गटात सहा प्राणी, कारण सगळे तसेच घेतात’ हे उत्तर समितीसमोर टिकत नाही, आणि टिकूही नये. समजा, कॅराजीनन हा सूज आणणारा पदार्थ देऊन पंजाला सूज आणण्याची नेहमीची पद्धत घेतली आहे आणि पाच गट आहेत: एक अर्क न दिलेला नियंत्रण गट, एक इंडोमेथासिन या प्रचलित सूजविरोधी औषधाचा आणि अर्काच्या तीन मात्रांचे तीन. एकूण प्राण्यांच्या संख्येतून गटांची संख्या वजा केल्यावर उत्तर १० ते २० च्या दरम्यान यावे, असा एक साधा हिशेब रूढ आहे. गटात सहा घेतले तर ३० वजा ५, म्हणजे २५ येतात. पाच घेतले तर बरोबर २०. म्हणजे पाच प्राणी वाचतात आणि ते का वाचवले, हेही लिहिता येते. मात्र त्याआधीच्या विषाक्तता चाचणीचे प्राणी मोजायला बहुतेक जण विसरतात. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ४२३ क्रमांकाच्या पद्धतीने किलोमागे २००० मिलिग्रॅमची मात्रा तीन-तीन प्राण्यांच्या दोन टप्प्यांत तपासायची असेल, तर आणखी सहा रॅट लागतात. त्यामुळे मागणी २५ ची नव्हे, ३१ ची करावी.

प्राणीच का हवेत, या रकान्यात अल्ब्युमिन या प्रथिनाची रचना बिघडणे किंवा तांबड्या रक्तपेशींचे आवरण फुटणे अर्काने रोखले जाते का, ही प्राण्यांविना होणारी चाचणी आधी केली असल्यास तिचे निष्कर्ष द्यावेत. काचेच्या नळीत काहीच न दाखवणाऱ्या अर्कासाठी रॅट मागणे समितीला पटवून देणे कठीण जाते.

कार्यपद्धती मोघम लिहू नये. मागच्या उजव्या पंजाच्या तळव्यात १ टक्का कॅराजीननचे ०.१ मिलिलिटर द्रावण टोचणार, घोट्याच्या सांध्यावर शाईने रेघ ओढून दर वेळी पंजा त्याच रेघेपर्यंत प्लेथिस्मोमीटर या पंजाचे आकारमान मोजणाऱ्या उपकरणात बुडवणार, आणि टोचण्यापूर्वी व नंतर पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या तासाला आकारमान नोंदवणार, इतक्या नेमकेपणाने लिहावे. सुरुवातीच्या सुजेमागे मुख्यतः हिस्टामीन व सेरोटोनिन ही शरीरातलीच द्रव्ये असतात आणि नंतरच्या सुजेमागे प्रोस्टाग्लँडिन, म्हणून तिसऱ्या तासाची नोंद का महत्त्वाची, हेही एका वाक्यात सांगावे. वेदनाशामक देणार नसाल तर त्याचे कारण स्पष्ट लिहा: बहुतेक वेदनाशामके सूजच बदलतात. त्याबरोबरच, प्राण्याने खाणेपिणे सोडले किंवा पंजाला जखम झाली तर प्रयोगातून त्याला केव्हा काढणार, ही मर्यादा आधीच ठरवून द्यावी. शेवटी प्राण्याला वेदनारहित मरण कसे देणार आणि मृत शरीर पिवळ्या पिशवीतून जैववैद्यकीय कचऱ्यात कसे जाणार, हेही लागते.

बैठकीत बहुधा दुरुस्त्या सुचवल्या जातात. त्या मुद्देवार उत्तरासह परत द्याव्यात. मान्यता मिळाल्यावर प्राणी नोंदणीकृत प्रजनन केंद्रातूनच, आरोग्य प्रमाणपत्रासह घ्यावेत आणि नव्या जागेला सरावण्यासाठी साधारण आठवडाभर अ‍ॅनिमल हाउसमध्ये ठेवावेत. मात्रा, संख्या किंवा प्राण्याची जात बदलायची झाल्यास पुन्हा समितीकडे जावे लागते. वापराची नोंद ‘फॉर्म डी’मध्ये रोजच्या रोज करावी, कारण तपासणीच्या वेळी मंजूर ३१, आणलेले ३१ आणि वापरलेले व उरलेले मिळून ३१ हा ताळा वहीवरूनच घातला जातो.