जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स: पासवर्ड काय राखतो, काय राखत नाही

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याचं ऑफिस असो की जुळे सोलापुरातलं घर, सात-आठ वर्षांपूर्वी घेतलेला, विंडोज १० वर चालणारा कॉम्प्युटर अजून बऱ्याच टेबलांवर आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. नोंदणी करून घरगुती ग्राहकांना मिळणारी वाढीव मुदत वर्षभराचीच. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि ठरावीक पिढीपुढचे प्रोसेसर लागतात, त्यामुळे धडधाकट मशीनही तिथे नापास होतं.

हे मशीन भंगारात काढू नका. पण अपडेट बंद पडलेल्या अवस्थेत त्यावर बँकेचे व्यवहारही करत राहू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरातल्या कॉम्प्युटरमधल्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली, तेव्हा तो ज्या फटीतून शिरला ती बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलेलं होतं. ज्यांनी ते घेतलं नव्हतं, ते सापडले.

इथे लिनक्स कामाला येतं. विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी ही प्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये त्याचा गाभा, म्हणजे कर्नल, लिहायला घेतला. तो सर्वांना फुकट, उघड आणि बदलता येईल असा ठेवला गेला. त्यावर आधारलेल्या अनेक तयार प्रणाली मिळतात. नवख्याने लिनक्स मिंट घ्यावी, असं माझं मत आहे. तिचा चेहरामोहरा विंडोजच्या सवयीच्या माणसाला परका वाटत नाही, आणि मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. किमान २ जीबी रॅम लागते, ४ जीबी असेल तर काम सुखाचं होतं. मशीन फारच रखडत असेल तर मिंटचीच हलकी एक्सएफसीई आवृत्ती घ्या आणि जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे तिच्याहून वेगवान डिस्क, बसवा. फरक पहिल्याच दिवशी दिसतो.

मिंटची आयएसओ फाइल, म्हणजे अख्खी प्रणाली सामावलेली एकच फाइल, फक्त अधिकृत साइटवरूनच उतरवा. याला कारण आहे. २० फेब्रुवारी २०१६ ला कोणीतरी मिंटची खुद्द वेबसाइटच फोडली आणि डाउनलोडच्या लिंकमागे चोरदरवाजा घातलेली फाइल ठेवली. खऱ्या साइटवर जाऊनही लोकांना खोटी फाइल मिळाली. म्हणून साइटवर प्रत्येक आयएसओचा ६४ अक्षरी ठसा, म्हणजे एसएचए-२५६, दिलेला असतो. उतरवलेल्या फाइलचा ठसा आपल्या कॉम्प्युटरवर काढायचा आणि दोन्ही जुळवायचे. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी ठसा पार वेगळाच येतो. त्या ठशावर मिंटची डिजिटल सहीही असते. ती तपासली तर खात्री पक्की होते, कारण साइट फोडणारा ठसाही बदलू शकतो.

मग रूफससारख्या प्रोग्रामने ती फाइल पेनड्राइव्हवर चढवा (त्यातलं आधीचं सगळं पुसलं जातं) आणि कॉम्प्युटर त्यावरूनच सुरू करा. डिस्कला हात न लावता मिंट चालवून बघता येतं. वायफाय, आवाज, प्रिंटर, सगळं इथेच तपासा. टॅली, कोरलड्रॉ, चादरी-टॉवेलच्या डिझाइनची सॉफ्टवेअरं ही बहुधा विंडोजवरच बेतलेली असतात. रोजचं काम त्यांच्यावर असेल तर ते मशीन तसंच राहू द्या आणि घरच्या, मुलांच्या मशीनपासून सुरुवात करा. मराठी टायपिंगची चिंता नको. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी जोडलं की इनस्क्रिप्ट मिळतं.

आता सुरक्षेचा गाभा. लिनक्समध्ये रोजचं खातं वेगळं आणि 'रूट' नावाचं सर्वाधिकारी खातं वेगळं. प्रणालीच्या फायली रूटच्या मालकीच्या, त्यामुळे नवा प्रोग्राम बसवताना पासवर्डची चौकट समोर येते. बऱ्याच लिनक्समध्ये टर्मिनलवर, म्हणजे टाइप करून आज्ञा द्यायच्या खिडकीत, पासवर्ड टाइप करताना टिंबंसुद्धा दिसत नाहीत. कीबोर्ड बिघडलेला नसतो, टर्मिनल पासवर्डची लांबीही लपवत असतं. चौकट आली की स्वतःला एकच गोष्ट विचारा: मी आत्ता काय केलं म्हणून ही आली? उत्तर सापडलं नाही, तर ती बंद करा.

फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधलं परमिशन्स उघडून बघा. वाचायची, लिहायची आणि प्रोग्राम म्हणून चालवायची परवानगी तिथे वेगवेगळी असते. ब्राउझरने उतरवलेल्या फाइलला चालवायची परवानगी सहसा नसतेच, ती आपण द्यावी लागते. सॉफ्टवेअरही शक्यतो मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधूनच घ्यावं. तिथली पॅकेजं सहीनिशी तपासून येतात, आणि खालच्या कोपऱ्यातल्या ढालीच्या चित्रावर क्लिक केलं की सगळ्यांची अपडेट एका जागी मिळतात.

पण पासवर्ड राखतो ती प्रणाली. मुलीचे फोटो, पावत्यांच्या फायली, बारावीच्या नोट्स या तुमच्याच मालकीच्या आहेत, आणि तुम्ही चालवलेला कुठलाही प्रोग्राम त्या सहसा पासवर्डशिवाय वाचू शकतो, पुसू शकतो, कुलूपबंद करू शकतो. लिनक्स घातलं म्हणजे झालं, असं सांगणारे नेमकी हीच गोष्ट गाळतात. मिंटमधलं टाइमशिफ्टही मुळात प्रणाली पूर्ववत करण्यासाठी आहे, तुमच्या फोटोंसाठी नाही. फोटोंची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि प्रत घेऊन झाली की केबल काढून ठेवा. डिस्क जोडलेली राहिली तर तीही अशा प्रोग्रामच्या तावडीत सापडेल.

अँड्रॉइड फोनमध्येही लिनक्सचाच कर्नल आहे. तरी व्हॉट्सॅपवर लग्नपत्रिका किंवा आरटीओचं चलान म्हणून आलेल्या एपीके फाइलने, म्हणजे अँड्रॉइडचं अ‍ॅप बसवणाऱ्या फाइलने, लोकांची खाती रिकामी होतात. कारण ती बसवली की एसएमएस वाचायची परवानगी मागते, आपण 'अलाउ' दाबतो, आणि ओटीपी सरळ चोराकडे जातो. पत्रिका ही फोटो किंवा पीडीएफ असते, तिला एसएमएस कशाला लागतील? यूपीआय पिनही पैसे घेताना कधीच टाकावा लागत नाही. पैसे गेलेच, तर शरमेने गप्प बसू नका. फोनचं नेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला आणि आपल्या बँकेला कळवा. चोर ती रक्कम खात्याखात्यांतून पुढे सरकवत असतो आणि मधल्या खात्यात असेपर्यंतच ती गोठवता येते.