जुन्या गोंदणावर केस काढायचं मशीन चालतं?

"टॅटू जुना, फिकट झाला की घरगुती आयपीएल मशीन (प्रकाशाच्या झोताने केस काढणारं) त्यावरून बिनधास्त फिरवा," हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. वाटतं खरं, पण तसं नाही.

केसातला गडद रंग मशीनचा प्रकाश शोषतो, तापतो आणि केसाचं मूळ दुखावतं. शाईही तोच प्रकाश शोषते. केस कोणता, गोंदण कोणतं हे प्रकाशाला कळत नाही. नागपुरात मे महिन्यात काळा शर्ट घालून बर्डीत फिरलेल्याला हे वेगळं सांगायला नको! फिकट झाली तरी शाई कातडीतच असते. परिणाम: भाजणं, फोड, नक्षी विटणं.

खात्री हवी? मशीनच्या माहितीपुस्तिकेत 'कुठे वापरू नये' वाचा. टॅटू तिथे सापडेलच. गोंदणापासून अंतर राखा, त्यावरचे केस ट्रिमरने काढा. हात उन्हाने रापले असतील, तर तिथेही मशीन फिरवायला थोडं थांबा.