अमेरिकेतली शाळा मुलाचं इंग्रजी कसं जोखते

अमेरिकेत मुलाचं नाव शाळेत घालताना लसीकरणाचा दाखला, पत्त्याचा पुरावा या गठ्ठ्यात एक साधा फॉर्म असतो. कॅलिफोर्नियात त्यावर चार प्रश्न असतात. मूल पहिल्यांदा बोलायला लागलं ते कोणत्या भाषेत, घरी ते जास्त करून काय बोलतं, तुम्ही त्याच्याशी काय बोलता, आणि घरातली मोठी माणसं आपसांत काय बोलतात. इतर राज्यांत शब्द थोडे इकडचे तिकडे, पण रोख तोच. नव्याने आलेल्या मराठी आईवडिलांना इथे आधीच रुळलेली मंडळी हमखास एक सल्ला देतात: "सगळीकडे इंग्लिशच लिही, नाहीतर पोराला ईएसएलला टाकतील." ईएसएल म्हणजे इंग्रजी ही दुसरी भाषा म्हणून शिकवणारा जादा तास. माझ्या मते हा सल्ला वाईट आहे.

पहिली गोष्ट म्हणजे फॉर्मवर मराठी लिहिल्याने मूल कुठेच 'टाकलं' जात नाही. त्याची फक्त एक चाळणी परीक्षा होते. आणि दुसरं, या फॉर्मचा जन्मच मुलांच्या हक्कातून झालाय. 1970च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांत चिनी वंशाची सुमारे 1,800 मुलं इंग्रजी कळत नसताना वर्गात नुसती बसून होती. पालक कोर्टात गेले. 1974 मध्ये लाउ विरुद्ध निकोल्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की सगळ्यांना तीच पुस्तकं आणि तेच शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक झाली, असं होत नाही. अशा मुलांना इंग्रजीची मदत द्यायची, तर आधी ती कोण आहेत हे कळायला हवं. 2021च्या आकडेवारीनुसार सरकारी शाळांत अशी सुमारे 53 लाख मुलं होती, म्हणजे दर शंभरात दहा-अकरा. त्यांतली तीन चतुर्थांश स्पॅनिश घरांतली.

केंद्र सरकारच्या 2015च्या कायद्यानुसार नाव दाखल झाल्यापासून 30 दिवसांत ही चाळणी परीक्षा व्हावी लागते. चाळीसच्या आसपास राज्यं विडा नावाच्या संस्थेच्या चाचण्या वापरतात. ही संस्था विस्कॉन्सिन विद्यापीठात आहे. कॅलिफोर्निया, टेक्सास, न्यूयॉर्क यांच्या चाचण्या स्वतःच्या. ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं अशा चार बाजू तपासल्या जातात. विडाच्या बोलण्याच्या भागात मूल हेडफोन लावून संगणकापुढे बसतं. पडद्यावर चित्रं येतात. आधी एक नमुना विद्यार्थी तशाच प्रश्नाचं उत्तर देऊन दाखवतो, म्हणजे किती आणि कसं बोलायचंय याचा अंदाज येतो. मग आपली पाळी. विषय विज्ञानाचा किंवा गणिताचा असू शकतो, पण उत्तराला लागणारी माहिती पडद्यावरच दिलेली असते. विज्ञान येतं का हे तपासायचंच नसतं, ते इंग्रजीत सांगता येतं का हे तपासायचं असतं. मराठी वळणाचा 'ट' किंवा 'व' ऐकू आला म्हणून गुण कापायचे नसतात. ऐकणाऱ्याला कळलं की नाही, एवढं पाहायचं.

बालवर्गात मात्र हे सगळं डळमळतं. चार-पाच वर्षांचं मूल अनोळखी बाईंसमोर गप्प बसलं, तर ते भाषा येत नाही म्हणून गप्प की बुजलंय म्हणून, हे कुठल्या गुणपत्रिकेवरून ओळखणार? कॅलिफोर्नियाची जुनी चाचणी संशोधकांनी घरी फक्त इंग्रजीच बोलणाऱ्या बालवर्गातल्या मुलांना देऊन पाहिली, तेव्हा त्यांतलीही बरीचशी 'प्रवीण' ठरली नाहीत. म्हणजे चाचणी थोडी इंग्रजी मोजत होती आणि थोडं वय.

पुढच्या वर्गांत चूक उलट्या बाजूने होते. पुण्याहून आलेली मुलगी वर्षभरात खेळाच्या मैदानावर मैत्रिणींशी फाडफाड बोलू लागते आणि आईवडील म्हणतात, "झालं की, आता कशाला ईएसएल?" कॅनडातले भाषाशास्त्रज्ञ जिम कमिन्स यांनी 1979 मध्येच या दोन क्षमता वेगळ्या काढल्या होत्या. एक रोजच्या बोलण्याची, दुसरी पुस्तकी. बोलताना समोरच्याचे हातवारे, चेहरा, आजूबाजूची वस्तू असा सगळा आधार असतो. पाठ्यपुस्तकातल्या वाक्याला यातलं काहीच नसतं. स्टॅनफर्डच्या केंजी हाकुता आणि सहकाऱ्यांनी 2000 साली मुलांच्या नोंदी तपासून अंदाज मांडला की बोलण्यात प्रावीण्य यायला 3 ते 5 वर्षं लागतात आणि शालेय इंग्रजीला 4 ते 7. म्हणूनच विडाच्या एकूण गुणांत वाचन आणि लेखन यांचं वजन प्रत्येकी 35 टक्के, आणि ऐकणं व बोलणं यांचं फक्त 15-15. फाडफाड बोलणारं मूल लेखनात अडकतं ते इथे.

पुस्तकी भाषा किती अडवू शकते हे इंग्रजी बाजूला ठेवूनही कळतं. मीच रचलेलं हे गणित बघा: "उद्यानातील एकूण वीस बाकांपैकी गेल्या सप्ताहात रंगविण्यात आलेल्या बाकांची संख्या रंगविण्यात न आलेल्या बाकांच्या संख्येपेक्षा सहाने कमी असल्यास, रंगविण्यात आलेल्या बाकांची संख्या काढा." आता तेच गणित असं: "बागेत 20 बाक आहेत. काही बाक रंगवले. रंगवलेले बाक न रंगवलेल्या बाकांपेक्षा 6 कमी आहेत. रंगवलेले बाक किती?" उत्तर दोन्हीकडे 7 च. पण पहिलं वाचताना आपल्यालाही मागे जाऊन पुन्हा वाचावं लागतं, आणि मराठी तर आपली मायबोली! संशोधक जमाल अबेदी यांनी लॉस एंजलिस भागातल्या आठवीच्या मुलांवर नेमका हाच प्रयोग केला: अंक तेच, वाक्यं सोपी. सरासरी गुण थोडेच वाढले, पण इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना आणि गणितात मागे असलेल्यांना त्याचा फायदा इतरांपेक्षा जास्त झाला. म्हणजे गणिताच्या पेपरात गुण गेले ते सगळे गणितात गेले, असं धरून चालत नाही.

एकदा नाव इंग्रजी शिकणाऱ्यांच्या यादीत आलं की दरवर्षी परीक्षा. पालकांना जादा तास नाकारता येतात, पण वार्षिक परीक्षा चुकत नाही. यादीतून बाहेर पडायची रेघ मात्र प्रत्येक राज्याने आपापली ओढलेली. गेली काही वर्षं विडाच्या 1 ते 6 या पट्टीवर ती मॅसॅच्युसेट्समध्ये 4.2, न्यू जर्सीत 4.5 आणि इलिनॉयमध्ये 4.8 अशी होती. म्हणजे 4.6 मिळवलेला मुलगा शिकागोत 'इंग्रजी शिकणारा', आणि वडिलांची बदली न्यू जर्सीतल्या एडिसनला झाली की निदान गुणांपुरता सुटला. त्यात कुठल्याही मोजमापाला थोडी चूक चिकटलेली असतेच. तोच मुलगा आठवड्याने परीक्षेला बसला तर 4.4 किंवा 4.7 ही मिळवू शकतो. एका दशांशावर इतका भार टाकणं मला तरी शास्त्रीय वाटत नाही. शिक्षकांचं निरीक्षण सोबत घेणारी राज्यं त्या मानाने शहाणी. बाहेर पडल्यावरही मुलावर काही वर्षं लक्ष ठेवलं जातं. घसरलं तर परत मदत.

सगळ्यांत महागात पडते ती चूक वेगळीच: भाषेची अडचण आणि शिकण्यातली अक्षमता यांची गल्लत. 1970 मध्ये कॅलिफोर्नियात डायना खटला झाला तो यावरूनच. स्पॅनिश बोलणाऱ्या नऊ मुलांची बुद्ध्यांक चाचणी इंग्रजीत घेऊन त्यांना मतिमंदांच्या वर्गात बसवलं होतं. तीच तपासणी स्पॅनिशमध्ये झाली तेव्हा बहुतेकजण मतिमंदतेच्या रेषेच्या वर निघाले. खटला तडजोडीने मिटला आणि मुलांना त्यांच्या भाषेत तपासायचं ठरलं. आज केंद्राचा कायदाही, शक्य असेल तिथे मुलाच्या भाषेत तपासणी करा, असंच सांगतो. उलट टोकही आहे. खरंच डिस्लेक्सिया (वाचन-लेखन मुळातच अवघड जाणं) असलेल्या मुलाला "इंग्रजी शिकतोय, येईल हळूहळू" म्हणत वर्षं निघून जातात.

हे दोन ओळखायचे कसे? अडचण भाषेच्या ओळखीची असेल तर ती इंग्रजीतच दिसते. मुळातली असेल तर दोन्ही भाषांत. मायामीत स्पॅनिश-इंग्रजी घरांतल्या तान्ह्या मुलांचे शब्द 1993 मध्ये मोजले गेले. एकाच भाषेतले मोजले की ती मागे वाटत. दोन्हीकडचे मिळून मोजले की एकभाषिक मुलांच्या बरोबरीला येत. स्पॅनिशसाठी तयार चाचण्या मिळतात, मराठीसाठी तशी सोय नाही. तेव्हा स्पीच थेरपिस्टने विचारलं की मूल घरी कसं बोलतं, तर "छान बोलतं" एवढ्यावर भागत नाही. ते आजीला फोनवर शाळेतली गोष्ट सलग सांगतं का, 'काल' आणि 'उद्या' नीट वापरतं का, दोन-तीन सूचना एका दमात मराठीत दिल्या तर पाळतं का, पहिला शब्द आणि पहिलं वाक्य कधी आलं, हे लिहून न्यावं. आणि फॉर्मवर 'इंग्लिश' लिहून ठेवलेलं असेल, तर हे विचारायचं कुणाला सुचणारही नाही.