नागिणीनंतरच्या आगीला नैराश्याची गोळी का?

पंचवटीतल्या माझ्या मावशीला दोन वर्षांपूर्वी नागीण झाली. फोड महिन्याभरात वाळले, पण बरगडीखालची आग काही गेली नाही. पदर टेकला तरी ती कळवळायची. चार महिने तिने कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून डायक्लोफेनॅकच्या गोळ्या आणून खाल्ल्या. शेवटी डॉक्टरांनी रात्री घ्यायची एक छोटी गोळी लिहून दिली, अ‍ॅमिट्रिप्टिलीन. नातवाने मोबाइलवर नाव शोधलं तर ते निघालं नैराश्याचं औषध. मावशीने गोळी बंद केली. "दुखतंय मला, वेड नाही लागलेलं," एवढंच म्हणाली.

तिचा राग मला रास्त वाटतो. ही गोळी तिच्यापर्यंत कुठून आली हे कुणी तिला सांगितलंच नव्हतं.

आपल्या ओळखीच्या बहुतेक पेनकिलर सुजेवर काम करतात. अ‍ॅस्पिरिन १८९९ पासून बाजारात आहे, पण ते शरीरात प्रोस्टाग्लँडिन, म्हणजे सूज आणि वेदना वाढवणारं रसायन, तयार होऊ देत नाही, हे औषधशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी दाखवलं ते १९७१ मध्ये. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही त्याच घराण्यातली. मुरगळलेला पाय, सुजलेला गुडघा, ठणकणारी दाढ यांना ती छान लागू पडतात. पण हेच प्रोस्टाग्लँडिन जठराचं अस्तर राखतं आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही सांभाळतं. त्यामुळे चार दिवसांची गोळी चार महिने चालू राहिली की अल्सरची आणि मूत्रपिंडाच्या त्रासाची भीती वाढते. जठराला सांभाळून घेणारी म्हणून १९९९ मध्ये आलेली रोफेकॉक्सिब हृदयविकाराच्या धोक्यामुळे २००४ मध्ये कंपनीला मागे घ्यावी लागली, आणि भारतातही तिच्यावर बंदी आली.

नाशिककरांना डायक्लोफेनॅकची दुसरी ओळख गिधाडांच्या अंजनेरीच्या कड्यांवर होते. गुरांना दिलेलं हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाई, त्यांची मूत्रपिंडं निकामी होत, आणि देशभरातले थवे संपत गेले. कारण २००४ मध्ये उघड झालं, २००६ मध्ये जनावरांसाठीच्या औषधावर बंदी आली. माणसाचं मूत्रपिंड गिधाडाइतकं नाजूक नाही, हे खरं. तरीही स्वतःच्या मनाने महिनोन्‌महिने ही गोळी घेणारं माणूस पाहिलं की मला ते कडे आठवतात.

नागिणीनंतरच्या दुखण्यात सूज नसतेच. विषाणूने नस स्वतःच जायबंदी केलेली असते आणि ती विनाकारण खबर पाठवत राहते. १९६५ मध्ये वेदनेचे अभ्यासक मेलझॅक आणि वॉल यांनी मांडलं की मज्जारज्जूत वेदनेसाठी जणू एक दार असतं, ते कमीजास्त उघडतं, आणि मेंदूही वरून ते लोटू शकतो. त्या तपशिलात पुढे बदल झाले, पण विचाराची दिशा पालटली. अ‍ॅमिट्रिप्टिलीन ज्या रसायनांची पातळी वाढवतं, तीच मेंदूकडून खाली येणाऱ्या या वाटेवर कामाला येतात. म्हणून नैराश्य नसलेल्या माणसालाही ही गोळी लागू पडते, आणि तीही नैराश्यापेक्षा बऱ्याच कमी मात्रेत. गॅबापेंटिन असंच अपस्माराच्या कपाटातून आलं. अमेरिकेत १९९३ मध्ये ते फिट्ससाठी मंजूर झालं आणि २००२ मध्ये नेमकं नागिणीनंतरच्या वेदनेसाठी. चेहऱ्यातल्या असह्य कळांसाठी कार्बामॅझेपिन १९६२ पासून वापरात आहे, तेही फिट्सचंच औषध.

मग मॉर्फिन का नाही, असं मावशीच्या मुलाने विचारलं होतं. अफू आपल्याच देशात सरकारी परवान्याने पिकते, पण १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानंतर परवान्यांची कटकट एवढी वाढली की कित्येक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. कॅन्सरचे रुग्ण तळमळत राहिले. याची मला आजही चीड येते. २०१४ च्या दुरुस्तीने ही वाट थोडी मोकळी झाली. मात्र साध्या गोळीपासून मॉर्फिनपर्यंत पायरीपायरीने नेणारी जागतिक आरोग्य संघटनेची १९८६ ची प्रसिद्ध शिडी कॅन्सरच्या वेदनेसाठी आखलेली होती. वर्षानुवर्षांच्या दुखण्यात अफूवर्गीय औषधांची मात्रा चढत जाते, सवय जडते. ट्रॅमाडॉल हे अफूवर्गीय वेदनाशामकही २०१८ मध्ये त्याच अमली पदार्थ कायद्याखाली आलं. इगतपुरीच्या धम्मगिरीमुळे आपल्याकडे घरोघरी माहीत असलेले सत्यनारायण गोयंका १९५५ मध्ये विपश्यनेकडे वळले ते मायग्रेनपायी. त्यासाठी त्यांना मॉर्फिनची इंजेक्शनं दिली जात आणि व्यसनाची धास्ती होती. त्यांच्या गुरूंनी मात्र फक्त दुखण्याच्या इलाजासाठी येणाऱ्याला सुरुवातीला नकारच दिला होता.

डॉक्टरांनी हे सगळं मावशीला निवांत समजावलं, तेव्हा तिने गोळी पुन्हा सुरू केली. रोज रात्री दहा मिलिग्रॅम. पहिले दोन आठवडे नुसती तोंडाला कोरड आणि सकाळी गुंगी. मग मात्रा थोडी वाढली, पुढे गॅबापेंटिन जोडलं, एकदा चक्कर आली म्हणून तेही कमी केलं. तीन महिने असे गेले. आग अजून आहे, पण आता पदर टेकतो.