सोलो मायनिंग (बिटकॉइन)

कोणत्याही पूलमध्ये, म्हणजे मिळकत वाटून घेणाऱ्या गटात, सामील न होता केवळ स्वतःच्या यंत्राच्या बळावर बिटकॉइनचा नवा ब्लॉक, म्हणजे व्यवहारांच्या नोंदींचा पुढचा संच, शोधण्याच्या पद्धतीस सोलो मायनिंग म्हणतात. ब्लॉक सापडल्यास त्याचे सर्व बक्षीस, म्हणजे एप्रिल २०२४ पासून ३.१२५ बिटकॉइन आणि त्या ब्लॉकमधील व्यवहारांचे शुल्क, शोधणाऱ्या एकट्यास मिळते. न सापडल्यास काहीच मिळत नाही. ३ जानेवारी २००९ रोजी पहिला ब्लॉक तयार झाला त्या काळात सर्वच मायनिंग या प्रकारचे होते आणि साध्या संगणकाला ते झेपत असे. पुढे ग्राफिक्स कार्डे आली, २०१३ पासून खास याच कामासाठी घडवलेल्या चिप बाजारात आल्या, आणि एकट्याच्या वाट्याला येणारी शक्यता झपाट्याने घटली. मिळकत वाटून घेण्याची पूलपद्धत त्याआधीच, २०१० च्या अखेरीस, प्राग येथील मारेक पालातिनुस यांनी सुरू केली होती.

ब्लॉक शोधणे म्हणजे त्याच्या ८० बाइटांच्या शीर्षभागावर एसएचए-२५६ ही गणिती प्रक्रिया दोनदा करून येणारी संख्या, म्हणजे हॅश, ठरावीक मर्यादेपेक्षा लहान मिळते का, हे पाहणे. शीर्षभागातील नॉन्स या, दर प्रयत्नाला बदलायच्या, आकड्याला सुमारे ४२९ कोटी किमती घेता येतात. सेकंदाला एक लाख कोटी हॅश, म्हणजे एक टेराहॅश, करणारे यंत्र त्या सर्व किमती सेकंदाच्या अडीचशेव्या भागाच्या आसपास संपवते आणि शीर्षभागातील इतर मजकूर बदलून पुन्हा कामाला लागते. सरासरी दर दहा मिनिटांना एक ब्लॉक सापडावा यासाठी दर २,०१६ ब्लॉकनंतर ही मर्यादा नव्याने ठरते. त्यामुळे जगभरात यंत्रे कितीही वाढली तरी वर्षाचे ब्लॉक सुमारे ५२,५६० च राहतात आणि प्रत्येकाची शक्यता जाळ्याच्या, म्हणजे जगभरच्या सर्व मायनिंग यंत्रांच्या, एकूण गतीतील त्याच्या वाट्यावरून ठरते.

२०२५ च्या सुरुवातीस जाळ्याची गती ८०० एक्झाहॅशच्या, म्हणजे ८० कोटी टेराहॅशच्या, आसपास होती. तोच आकडा धरल्यास टेबलावर मावणाऱ्या एक टेराहॅशच्या यंत्राला वर्षभरात ब्लॉक मिळण्याची शक्यता सुमारे १५,००० त एक येते. २०० टेराहॅशच्या मोठ्या यंत्राला ती सव्वा टक्क्याहून किंचित जास्त, तर दहा वर्षांत सुमारे १२ टक्के आहे. या मोठ्या यंत्राचा सरासरी प्रतीक्षाकाळ ७६ वर्षे निघतो. मात्र सरासरी म्हणजे हमी नव्हे. जाळ्याची गती स्थिर राहिली असे मानले तरी ७६ वर्षांनंतर हात रिकामाच राहण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के उरते.

या गणितातील सर्वाधिक गैरसमज होणारी बाब म्हणजे प्रत्येक हॅश स्वतंत्र असतो. फाशावर दहा वेळा सहा पडला नाही म्हणून अकराव्या वेळी तो पडण्याची शक्यता वाढत नाही, तसेच येथे आहे. लहान यंत्रांच्या पडद्यावर आजवरचा ‘सर्वोत्तम’ हॅश किती काठिण्याचा, म्हणजे किती लहान आणि म्हणून किती दुर्मीळ, होता हे दिसते आणि तो आकडा वाढताना पाहून आपण ब्लॉकच्या जवळ पोहोचत आहोत असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात एक टेराहॅशचे यंत्र वर्षभर चालले तर हा आकडा साधारण ७०० कोटींच्या घरात जातो, तर वरील गतीला आवश्यक काठिण्य ११० लाख कोटींच्या आसपास असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हा आकडा झालेल्या कामाची नोंद आहे. पुढच्या हॅशला त्याचा काडीचाही उपयोग नाही. पुण्यात देखभालीसाठी गुरुवारी वीज बंद ठेवली जाते, तेव्हा यंत्राचा तेवढा वेळ वाया जातो, पण आधी साठलेले काही बुडत नाही, कारण साठलेले असे काही नसतेच.

तरीही एकट्यांना ब्लॉक मिळतात. जानेवारी २०२२ मध्ये सुमारे १२६ टेराहॅशच्या एका मायनरला ब्लॉक मिळून ६.२५ बिटकॉइन हाती आले. तो ऑस्ट्रेलियातील कॉन कोलिवास चालवत असलेल्या सोलो सेवेतून काम करत होता. ही सेवा दोन टक्के शुल्क घेते आणि स्वतःचा पूर्ण नोड, म्हणजे सर्व ब्लॉक तपासणारा संगणक, चालवण्याची गरज ठेवत नाही, मात्र शक्यता वाढवत नाही. अशा घटनांना चमत्कार मानण्याचे कारण नाही. एक टेराहॅशची दहा हजार यंत्रे स्वतंत्रपणे चालत असतील, तर त्यांपैकी कोणाला तरी साधारण दीड वर्षात एक ब्लॉक मिळणे अपेक्षितच आहे. तो कोणाला मिळेल, हे मात्र सांगता येत नाही.

पुण्यातील व्यक्तीसाठी खरा निर्णय विजेच्या बिलावर येतो. २०० टेराहॅशचे, साडेतीन किलोवॅटचे यंत्र वर्षाला ३०,६६० युनिट वीज घेते. युनिटला दहा रुपये धरले तरी हा खर्च तीन लाखांवर जातो, आणि महावितरणच्या घरगुती वापराच्या वरच्या टप्प्यात दर याहून जास्त पडतो. शुल्क वगळता वर्षाचे अपेक्षित उत्पन्न ०.०४१ बिटकॉइन आहे. म्हणजे एका बिटकॉइनला सुमारे ७५ लाख रुपये मिळाले तरच केवळ वीज सुटते. यंत्राची किंमत, पंखे आणि वातानुकूलन त्यात नाही. शिवाय १ एप्रिल २०२२ पासून आभासी मालमत्तेच्या उत्पन्नावर ३० टक्के कर आहे, आणि मायनिंगच्या साधनांचा खर्च खरेदी किमतीत धरता येणार नाही, असे केंद्र सरकारने त्याच वर्षी संसदेत स्पष्ट केले. लहान यंत्र महिन्याला जेमतेम १२ युनिट घेते, म्हणून ते शिकण्यासाठी किंवा हौसेखातर चालवणे परवडते. उत्पन्नाचे साधन म्हणून त्याकडे पाहणे धोक्याचे आहे.

मायनिंगच्या नावाने दरमहा ठरावीक परतावा देणाऱ्या योजनाही याच कसोटीवर तपासाव्यात. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी ज्यात अटक केली त्या गेनबिटकॉइन या गुंतवणूक योजनेच्या प्रकरणात दरमहा दहा टक्क्यांचे आश्वासन होते, तर ब्लॉक शोधण्यात महिन्याच्या मिळकतीची हमी नसते.

ब्लॉक क्रमांक १०,५०,००० ला, म्हणजे २०२८ च्या सुमारास, बक्षीस १.५६२५ बिटकॉइनवर येईल. त्याने ब्लॉक सापडण्याची शक्यता थेट बदलत नाही. परवडेनाशी झालेली यंत्रे बंद पडून जाळ्याची गती घटली, तरच उरलेल्यांचा वाटा वाढेल.