गिरणीची तूस ते स्प्रे-पेंट: कामावरच्या दम्याची पार्श्वभूमी

जवसाचे तंतू विंचरणाऱ्यांना धुळीने खोकला लागतो, दम लागतो, हे इटलीत 1700 मध्येच ग्रंथात नोंदवलं गेलं होतं. इंग्लंडच्या गिरणी कामगारांना भरपाई मिळायला मात्र 1941 उजाडलं, तीही वीस वर्षं धुळीत काढल्याची अट घालून.

मुंबईच्या गिरण्यांत सगळ्यात धुळीची खाती म्हणजे ब्लो-रूम (कापूस मोकळा करायचं खातं) आणि कार्डिंग (तो विंचरायचं). कापसाच्या गाठी फोडल्या की तूस, म्हणजे तंतूंची बारीक धूळ, उडायची, भुवयांवर पांढरी बसायची. सुटीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळायची आणि एक-दोन दिवसांत सैल पडायची. वर्षं सरली की ती आठवडाभर आवळलेलीच राहायची. हा बिसिनोसिस, कापसाच्या धुळीने होणारा फुफ्फुसांचा आजार. केसपेपरवर नुसतं ‘दमा’ लिहिलं गेलं आणि विडीचा उल्लेख जोडला गेला, की आजार कामगाराच्या घरचा ठरायचा. 1982 च्या संपानंतर तर गिरण्याच बंद पडत गेल्या.

खरा गुंता कायद्याच्या यादीत आहे. 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, 1948 च्या तिसऱ्या अनुसूचीतला आजार दिसला, तर डॉक्टरने मुख्य कारखाना निरीक्षकाला कळवणं कलम 89 नुसार बंधनकारक होतं. पुढच्या दुरुस्त्यांनी यादीत बिसिनोसिस आला, आयसोसायनेट या रसायनाची ‘विषबाधा’ही आली. कामामुळे होणारा दमा मात्र स्वतंत्रपणे आलाच नाही. आता गाड्यांच्या टू-पॅक (दोन घटक मिसळून मारायच्या) पेंटमधलं आयसोसायनेट सर्वाधिक कुप्रसिद्ध आहे ते दम्यासाठीच. स्प्रे-पेंटच्या बूथमध्ये गन चालवणारा रात्री शिट्टी वाजल्यासारखा श्वास घेत दवाखान्यात येतो, डॉक्टर ‘दमा’ लिहितो, पंप देतो. विषबाधा कुणाच्या मनातही येत नाही, मग कळवणार कोण? ही केवळ शब्दांची हयगय नाही. अशा नोंदींअभावी धोका कागदावर उमटतच नाही.

तपासणी अवघड नाही. श्वास सोडण्याचा जोर मोजणाऱ्या पीक-फ्लो मीटरमध्ये दिवसातून किमान चार वेळा फुंकायचं, दोन-चार आठवडे, कामाच्या दिवशीही आणि सुटीतही. सुटीत आकडा चढला आणि कामावर उतरला, तर संशय कामावरच घ्यायचा. रोजचा प्रतिबंधक पंप हवाच, पण शरीर त्या रसायनाला एकदा बिथरलं की अगदी थोडी वाफही पुरते. कापडी मास्क तिथे निरुपयोगी. खातं बदलून मिळणं हाच मुख्य उपचार, पण पगार न कापता ते मिळायला हवं, नाहीतर कुणी तोंड उघडत नाही. लवकर बाहेर पडलेल्यांचा दमा ओसरू शकतो. लक्षणं सोसत वर्षानुवर्षं त्याच बूथमध्ये राहिलेल्यांचा बहुधा कायमचा राहतो.