तक्रार आणि विरोध: नहेम्याची दोन वेगळी उत्तरे

कोणी बोल लावला की ती खरी तक्रार आहे की काम बंद पाडण्याचा डाव, हे रागाच्या भरात कळत नाही. मन दोन्हींनी सारखेच दुखावते. यरुशलेमचा पडका कोट पुन्हा बांधणाऱ्या नहेम्याच्या बायबलमधील पुस्तकात हे दोन्ही प्रकार लागोपाठ येतात.

चौथ्या अध्यायात यरुशलेमचा कोट बांधणाऱ्यांची खिल्ली उडवली जाते: कोल्हा चढला तरी हा कोट ढासळेल, असे तोबीया हा विरोधक म्हणतो. यात सुधारण्याजोगे काहीच नाही. नहेम्या त्याच्याशी वाद घालत नाही. सारा संताप तो कडक शब्दांत देवापुढे ओततो आणि काम चालू ठेवतो. हल्ल्याचा कट कळल्यावर प्रार्थनेसोबत रात्रंदिवस पहाराही बसतो. सहाव्या अध्यायात विरोधकांचा म्होरक्या सन्बल्लट नहेम्याला ओनोच्या मैदानात भेटायला चार वेळा बोलावतो. चारही वेळा उत्तर एकच, काम सोडून येणार नाही. पाचव्यांदा बंडाचा आरोप करणारे उघडे पत्र येते. थोडक्यात इन्कार, मग छोटी प्रार्थना: माझे हात बळकट कर. कोट ५२ दिवसांत पुरा होतो.

पाचव्या अध्यायातला आक्रोश मात्र आपल्याच माणसांचा आहे. शेते गहाण पडली, मुले गुलामीत गेली आणि सावकार भाऊबंदच. नहेम्या संतापतो, पण आधी मनाशी विचार करतो, मग सरदारांना जाब विचारतो. मीही पैसा आणि धान्य उसने देतो, हे तो सर्वांसमोर सांगतो (५:१०) आणि व्याज सोडून द्यायला लावतो. शेते, मळे आजच्या आज परत करा, असे सांगून याजकांसमोर शपथ घेववतो. त्याची प्रार्थना इथे अध्यायाच्या अगदी शेवटी येते. आमच्या मते हा क्रम फार मोलाचा आहे: हक्काची तक्रार असेल तर आधी भरपाई करावी.

ओळखायचे कसे? आरोप एका वाक्यात लिहून काढा. त्यात रक्कम, तारीख, नुकसान झालेला माणूस असे तपासता येण्याजोगे काही असेल, तर ती तक्रार समजा. स्तोत्र १३९:२३-२४ (देवा, माझे मन पारखून पाहा) घेऊन प्रार्थना करा, कागद तपासा, मत्तय १८:१५ प्रमाणे त्या व्यक्तीला एकांतात भेटा. तपासण्याजोगे काहीच नसेल आणि मागणी फक्त काम थांबवण्याची असेल, तर छोटे उत्तर द्या, पहारा ठेवा, आणि मत्तय ५:४४ प्रमाणे त्या माणसाचे नाव घेऊन त्याच्यासाठी प्रार्थना करा.

सर्वांत मोठी चूक मंडळीतच (चर्चमध्येच) होते: हिशेब मागणाऱ्याला सन्बल्लट ठरवले जाते आणि सामुदायिक प्रार्थनेतून त्याला टोमणे मारले जातात. ती प्रार्थना देवाला उद्देशून उरतच नाही. उलट चूकही घडते: विरोधकाचा डाव हिताचा सल्ला वाटतो. जीव वाचवायला मंदिरात लपा, असा शमाया नावाच्या माणसाचा नहेम्याला सल्ला संदेष्ट्याच्या भाषेत होता, पण तो विरोधकांकडून पैसे घेऊन दिलेला होता. तसे केल्यास पाप होईल आणि आपली बदनामी होईल, हे नहेम्याने ओळखले आणि तो आत गेला नाही.